सामन्याच्या बातमीत सामनाच का नसतो?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेच्या क्रीडाशिक्षकांचा आहे. त्यांच्या मुलींनी सतरा वर्षांखालील गटात जिल्हास्तरीय फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी पेपरात छोटी बातमी आली. तिच्यात उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालन, आभार प्रदर्शन असं सगळं होतं आणि शेवटी ‘मुलींनी दणदणीत विजय मिळवला’ एवढं एक वाक्य. गोल कोणी केला ते नाही, किती गोलांनी जिंकल्या तेही नाही. सर विचारतात, फुटबॉलच्या बातम्या इतक्या कच्च्या का असतात? वार्ताहराने काय करावं आणि शिक्षकाने काय करावं?

सर, मी आधी तालुक्याला वार्ताहर होतो, नंतर नागपुरात क्रीडा पानाच्या डेस्कवर बरीच वर्षं बसलो. बातमी पाठवणं आणि आलेली बातमी लावणं, दोन्ही केलंय. त्यावरून सांगतो, भाषा, जागा, क्रिकेटचं वेड ही कारणं खरी असली तरी नंतरची. पहिलं कारण हे की बातमी लिहिणाऱ्याने सामना पाहिलेलाच नसतो.

तालुक्याच्या वार्ताहराचा दिवस तुम्हाला माहीतच आहे. पंचायत समितीची सभा, कापसाचे भाव, वीज पडून दगावलेली जनावरं, ठाण्यातला गुन्हा, वरून पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या पुरवणीच्या जाहिराती, हे सारं एकाच माणसाच्या अंगावर. मानधन म्हणाल तर पेट्रोलला पुरेल तेवढं. दुपारी तीनला तुमच्या मुली मैदानात उतरतात तेव्हा तो तहसीलमध्ये असतो. संध्याकाळी सातला आयोजकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर प्रेसनोट येते. ती लिहिणाऱ्याला एकच धास्ती असते, कोणा पाहुण्याचं नाव सुटलं तर उद्या आपली खैर नाही. गोल करणारी पोरगी काही फोन करून रागावणार नसते. वार्ताहर त्या नोटेतली ‘सदर’ आणि ‘यावेळी’ इकडचे तिकडे करतो आणि पुढे ढकलतो. डेस्कवरच्या माणसाला मग पाहुण्यांच्या यादीशिवाय हातात काहीच मिळत नाही. त्याने त्यातून सामना काढायचा तरी कुठून?

आता हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. मोठ्या सामन्याची बातमी फसली तरी फारसं बिघडत नाही. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, सामना पेपराने वाईट लिहिला तरी व्हिडिओ राहतो, कोणाच्या पासवर कोणी गोल केला ते नोंदलेलं राहतं. तुमच्या जिल्ह्याच्या सामन्याचं तसं नाही. शाळांच्या फुटबॉलची सुब्रतो कप स्पर्धा १९६० पासून चालू आहे. तालुका, जिल्हा, विभाग असे टप्पे पार करत संघ राष्ट्रीय फेरीपर्यंत जातात. पण खालच्या टप्प्यांवर कॅमेरा नसतो. निकालाचा कागद फायलीला लागतो, त्यावर आकडे आणि सह्या. मुलीने तो गोल कसा केला हे लिहून ठेवणारा या जगात एकच माणूस असू शकतो, तो म्हणजे तुमच्या तालुक्याचा वार्ताहर. त्याने लिहिलं नाही तर तो गोल फक्त बघणाऱ्यांच्या आठवणीत उरतो, आणि आठवणी चार वर्षांत एकमेकींत मिसळतात. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र लागतं, कात्रण चालत नाही, हे खरं. तरी घरोघरी कात्रणं लॅमिनेशन करून ठेवलेली मी पाहिली आहेत. त्यात नाव चुकलं असेल तर ते तसंच चुकलेलं जन्मभर भिंतीवर राहतं.

म्हणून मी नव्या वार्ताहरांना पहिली गोष्ट नावांची सांगतो. शहरी पानांवर आडनावाने भागतं. आपल्याकडे आश्रमशाळेच्या संघात तीन मडावी, दोन आत्राम आणि दोन टेकाम असतात. ‘मडावीने विजयी गोल केला’ असं छापून आलं की तिन्ही मडावींच्या घरी पेपर विकत आणला जातो आणि दोन घरांत तो उगाच आणला जातो. पूर्ण नाव लिहा, पाठीवरच्या नंबरासह टिपा, आणि जमल्यास मध्यंतरात वही त्या मुलीच्याच हातात देऊन तिचं नाव तिलाच लिहायला सांगा. गोंडी, कोलामी नावं ऐकून लिहिली की बिघडतात. शाळेच्या यादीतही बिघडलेली असू शकतात. तिच्या हातचं अक्षर समोर असेल तर वाद उरत नाही.

दुसरं, वही. सामना सुरू व्हायच्या आधी पानाच्या डावीकडे मिनिटांसाठी समास आखायचा आणि जे घडेल ते त्याच क्षणी तोडक्या शब्दांत लिहायचं. नमुना देतो:

‘१४ – ७ नं., डावीकडून क्रॉस, ९ चं हेडर, वरून. २३ – गोल. उजवीकडून २ नं.चा लांब थ्रो, गोलकीपर पुढे, चेंडू हातातून निसटला, १० नं., डावा पाय, रिकामा गोल. ३० – ४ नं. यलो, मागून पाडलं.’

एवढं पुरे. वाक्यं नंतर होतात. ज्याने हे टिपलं नाही तो संध्याकाळी ‘उत्कृष्ट खेळाचे प्रदर्शन केले’ लिहितो, कारण त्याच्याकडे दुसरं लिहायला काही नसतं.

मिनिट मोजण्यातही चुका होतात. घड्याळात २२ मिनिटं ३० सेकंद झाली असतील तर तो तेविसाव्या मिनिटाचा गोल. ४५ मिनिटांचा पूर्वार्ध लांबला आणि त्या वाढीव वेळेच्या दुसऱ्या मिनिटात गोल झाला तर ४५+२ असं लिहायचं, ४७ नाही. ४७ म्हणजे उत्तरार्ध. शालेय गटांत सामना ९० मिनिटांचा नसतो, वयोगटाप्रमाणे वेळ कमी असतो. ती किती हे शिट्टी वाजण्याआधी पंचांना विचारून घ्यायचं. नाहीतर जो सामना साठाव्या मिनिटाला संपला त्यात ‘८२व्या मिनिटाला’ गोल झाल्याचं छापून येतं.

आता वरच्या नोंदींची बातमी कशी होते ते बघा. समजा पुसद आणि दारव्हा अशा दोन तालुक्यांच्या मुलींचा सामना आहे. प्रेसनोटवरून येते ती बातमी अशी: ‘चुरशीच्या लढतीत पुसदच्या मुलींनी दारव्ह्याचा धुव्वा उडवत विजेतेपदावर आपले नाव कोरले. मान्यवरांच्या हस्ते विजेत्या संघास चषक देऊन गौरविण्यात आले.’ लढत चुरशीची होती तर धुव्वा कसा उडाला? सामना १-० असा संपला हे वाचकाला कळलंच नाही.

वहीवरून येते ती अशी: ‘पुसदने दारव्ह्यावर १-० असा विजय मिळवला. २३व्या मिनिटाला उजवीकडून आलेला लांब थ्रो-इन पकडायला दारव्ह्याची गोलरक्षक पुढे सरसावली. मात्र ओला चेंडू तिच्या हातातून निसटला आणि दहा क्रमांकाच्या खेळाडूने (इथे पूर्ण नाव) डाव्या पायाने तो रिकाम्या जाळीत सरकवला. उत्तरार्धात दारव्ह्याने सलग कॉर्नर मिळवून पुसदला गोलसमोरच डांबून ठेवले. अखेरच्या मिनिटाला त्यांचा फटका क्रॉसबारला लागून परतला.’

जागा फार जास्त लागत नाही. पण दारव्ह्याच्या मुलीही यात आहेत. हरलेल्या संघाने काय केलं हे लिहिल्याशिवाय जिंकलेल्यांनी काय कमावलं ते कळत नाही. तालुक्याच्या पेपरात पराभूत संघ बहुतेक वेळा एका नावापुरता उरतो. सामना संपल्यावर विजयी प्रशिक्षकाभोवती फोटोला गर्दी होते. तेवढ्या वेळात दुसऱ्या टोकाला जाऊन हरलेल्या सरांना दोन प्रश्न विचारावेत. सामना कुठे फिरला हे त्यांना जास्त नेमकं माहीत असतं.

मैदान कसं होतं तेही लिहायला हवं. आपल्याकडच्या शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. काळ्या मातीत चेंडू टप्पा घेतच नाही, पडला की तिथेच बसतो. बुटाला किलोभर चिखल चिकटतो. अशा मैदानात छोटे पास टाकणारा चांगला संघ हरतो आणि लांब फेकणारा, उंच मारणारा जिंकतो. हे लिहिलं नाही तर निकाल समजत नाही. दिवाळीनंतर त्याच मैदानाला भेगा पडतात आणि चेंडू कसाही उसळतो. मग गोलकीपरचा हात हुकला म्हणून तिला दोष देण्याआधी चेंडू कुठल्या भेगेवरून उसळला ते पाहावं लागतं.

नियमांबद्दल बोलतो, कारण इथल्या चुका सगळ्यात जास्त बोचतात. फुटबॉलचे एकूण १७ नियम. एका रविवारी वाचून होतात. ते न वाचता सामना लिहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ऑफसाइड, म्हणजे आक्रमक खेळाडू समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असणं, पास निघतो त्या क्षणी बघतात, चेंडू मिळतो त्या क्षणी नाही. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट मिळालेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतोच. हे ठाऊक नसलेला माणूस गोलपोस्टमागे उभा राहून ‘पंचांनी ऑफसाइड गोल दिला’ असं लिहितो आणि दोन गावांत वाद पेटवतो. ऑफसाइड बचावपटूंच्या रेषेतूनच दिसतो. तुम्ही रेषेत नव्हता तर त्यावर मत देऊ नका. गोल झाला की नाही यावर पंचाचा निर्णय अंतिम असतो. तो लिहा, आक्षेप कोणी घेतला असेल तर त्याच्या नावासह तो लिहा, आणि थांबा. पानठेल्यावर सकाळी काय होईल याचा विचार वार्ताहराने केलाच पाहिजे.

चेंडू पूर्ण बाहेर जाण्याचंही तसंच. २०२२ च्या वर्ल्डकपमधला जपान-स्पेन सामना आठवा. जपानचा दुसरा गोल झाला तेव्हा मितोमाने चेंडू मागे ओढण्याआधी तो रेषेबाहेर गेला होता असं टीव्हीवर जवळजवळ सगळ्यांना वाटलं. व्हिडिओ तपासणीत गोल कायम राहिला. नियम सांगतो की संपूर्ण चेंडूने रेषा पूर्ण ओलांडली पाहिजे. जमिनीला टेकलेला भाग बाहेर दिसला तरी चेंडूचा फुगवटा वरून रेषेवर असेल तर खेळ चालू. हे एक वाक्य माहीत असतं तर दुसऱ्या दिवशीच्या कितीतरी बातम्यांतला ‘वादग्रस्त’ हा शब्द गळाला असता. त्याच सामन्यात चेंडूचा ताबा जपानकडे १८ टक्क्यांहून कमी होता आणि जपान २-१ जिंकला. आकडे टाकायला हरकत नाही, पण त्यांच्यावरून ‘वर्चस्व’ लिहिण्याआधी सामना पाहिलेला असावा.

शूटआऊटचा, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांचा, निकाल लिहिताना तर मुरलेले लोकही घोळ घालतात. सामना १-१ आणि शूटआऊट ४-३ असेल तर पेपरात ५-४ छापून येतं. तसं होत नाही. सामना १-१ बरोबरीत सुटला, शूटआऊटमध्ये ४-३ अशी सरशी, हे दोन वेगळे आकडे आहेत. १८ डिसेंबर २०२२ ची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल नोंदीत ३-३ अशीच आहे, शूटआऊट ४-२. फ्रान्सच्या एम्बापेने त्या शूटआऊटमध्येही चेंडू जाळीत मारला; तो धरला जात नाही, स्पर्धेतले त्याचे गोल आठच. तुमच्या शाळेतल्या मुलीचेही गोल असेच मोजले पाहिजेत, कारण पुढे ‘स्पर्धेत सर्वाधिक गोल’ कोणाचे हे त्याच वहीतून ठरणार असतं. फटका गोलच्या दिशेने होता आणि बचावपटूला घासून आत गेला तर गोल मारणाऱ्याच्या नावावर देण्याचा प्रघात आहे. दिशाच नव्हती आणि बचावपटूने आत ढकलला तर स्वयंगोल. अडलं तर पंचांनी काय नोंदवलंय ते बघा. गावच्या पाच-सात खेळाडूंच्या स्पर्धांत आयोजक नियम बदलतात, तिथे आधी विचारलेलं बरं.

आणि शेजारी जाणता माणूस असावा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. तिथे शिकलेले शिक्षक विदर्भभर शाळांतून आहेत. सामन्याला असा एखादा सर असतोच. त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसलेला वार्ताहर एका मोसमात खेळ शिकतो. नागपूरजवळच्या कामठीची गोष्ट वेगळी. ती लष्करी छावणी १८२१ ची, फुटबॉल तिथे घराघरांत मुरलेला. तिथली बातमी चुकली की सकाळी चहाआधी डेस्कवर फोन यायचा: ‘भाऊ, तो गोल त्याने नाही मारला.’ असे वाचक असले की पेपर आपोआप सुधारतो. ग्रामीण भागात फोन येतो तोही बहुधा पाहुण्याचाच.

परदेशी सामन्यांच्या बातम्यांबद्दल थोडक्यात. त्या ‘वृत्तसंस्था’ म्हणून येतात. इंग्रजी मजकूर रात्री घाईत मराठीत आणला जातो, आणि आणणाऱ्याचा हात क्रिकेटवर बसलेला असतो. त्यात आपल्या गावांत येते ती डाक आवृत्ती. गाडी लांब जायची म्हणून ती आधी छापली जाते. २०२२ ची फायनल आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होऊन साडेअकराच्या सुमारास संपली. जपान-स्पेन तर मध्यरात्रीनंतर साडेबाराला सुरू झाला. असे निकाल खेड्यात एक दिवस उशिरा पोचतात, तोवर मोबाइलवर सगळ्यांना कळलेले असतात. तरीही बातमी पहिल्या ओळीत निकालच सांगते. एक दिवस शिळी बातमी द्यायचीच तर सामना कसा फिरला हे द्यावं. ६ जून २०२४ ला कोलकात्यात भारताचा कर्णधार सुनील छेत्रीचा तेव्हा निरोपाचा म्हणून जाहीर झालेला सामना कुवेतविरुद्ध ०-० सुटला. अशा सामन्याची बातमी निरोपाच्या अश्रूंवर संपवणं सोपं असतं. पण घरच्या मैदानावर, भरल्या स्टेडियममध्ये भारताला गोल का करता आला नाही, हा प्रश्न क्रीडा पानाचा होता.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती बोलतो. हल्ली गावातली मुलगी चमकली की बातमी होते ‘मजुराच्या लेकीची भरारी’. कुडाचं घर, आईची रोजी, अनवाणी सराव. हे खोटं नसतं. पण बातमी संपते तेव्हा ती पोरगी कुठल्या जागेवर खेळते, डाव्या पायाने मारते की उजव्या, तिच्या वेगाचा संघाला काय उपयोग होतो, यातलं काहीच कळलेलं नसतं. शहरातल्या मुलाबद्दल लिहिताना आपण त्याच्या खेळाबद्दल लिहितो आणि हिच्याबद्दल लिहिताना तिच्या गरिबीबद्दल. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये नागपुरात झोपडपट्टीतल्या पोट्ट्यांना घेऊन फुटबॉल सुरू केला, तेव्हा ती पोरं खेळत होती म्हणूनच त्यांचं पाऊल तिथे थबकलं होतं. आधी खेळ लिहा. घरचं लिहायचं तर तिला आणि तिच्या पालकांना विचारून लिहा. ती अल्पवयीन आहे, आणि उद्या वर्गात त्याच बातमीवरून तिला कोणी चिडवू शकतं.

आता सर, तुमच्या हातात काय आहे ते. वार्ताहर येणार नाही असं धरूनच चाला. सामन्याच्या आदल्या दिवशी संघाची यादी मराठीत टाइप करून ठेवा: नंबर, पूर्ण नाव, जागा, इयत्ता. मैदानात एका मोठ्या विद्यार्थिनीला वही द्या आणि वर दाखवलं तसं टिपायला शिकवा. बदली खेळाडू मुली हे काम उत्तम करतात, त्यांचं सामन्यावर लक्ष असतं. शेवटची शिट्टी झाल्यापासून अर्ध्या तासात मजकूर पाठवा. डाक आवृत्तीची वेळ लवकरची असते, बक्षीस समारंभ संपेपर्यंत थांबलात तर बातमी परवावर जाते. पहिल्या दोन ओळींत निकाल, गोल करणारी, मिनिट आणि गोल कसा झाला. मग दुसरा संघ, मग पुढचा सामना कधी. पाहुणे सगळ्यात शेवटी. डेस्कवर जागा कमी पडली की बातमी खालून कापतात, वाचून वाचून कापायला तिथे कोणाला वेळ नसतो. शेवटी जे ठेवाल ते जाणार हे धरून लिहा. आयोजकांना पाहुण्यांची नावं हवीच असतील तर ती उद्घाटनाच्या दिवशीच्या वेगळ्या बातमीत जाऊ द्या, भांडण टळतं.

फोटो चषक हातात घेतलेल्या पाहुण्यांचा नको. पहिल्या दहा मिनिटांत गोलच्या बाजूला, ऊन पाठीशी घेऊन मोबाइलने चार-पाच फोटो काढा. त्यातला एक लागतो. खाली कोण कोण आहे ते डावीकडून क्रमाने लिहून पाठवा, नाहीतर ‘सामन्यातील एक क्षण’ एवढंच छापतील.

आणि नाव चुकून आलं तर गप्प बसू नका. त्याच दिवशी पेपरच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्या: कोणत्या तारखेचा अंक, कोणतं पान, काय छापलं, काय हवं होतं. रागाचा मजकूर नको, एवढे चार मुद्दे पुरतात. दुरुस्ती छापायला डेस्कला दोन ओळी लागतात आणि तेवढी जागा रोज निघते. ती छापून आली की दोन्ही कात्रणं एकाच कागदावर चिकटवून त्या मुलीला द्या.